मखर उतरवल्यानंतर : पुण्यातील एका घरगुती सजावटीचा प्रकरण अभ्यास

पुण्यात सिंहगड रस्त्यालगत राहणाऱ्या एका कुटुंबाने 2024 च्या गणेशोत्सवासाठी घरात साठलेली खोकी, दुधाचे आणि फळांच्या रसाचे कार्टन आणि बिस्किटांची वेष्टने यांपासून मखर व तोरण तयार केले आणि 2025 मध्ये त्यातला बराचसा भाग पुन्हा वापरला. हस्तकलेच्या वर्गांच्या निमित्ताने या घराशी माझा परिचय असल्यामुळे तयारीपासून आवराआवरीपर्यंतचे टप्पे मला जवळून पाहता आले. मखर कसे केले हे पुढे सविस्तर येईलच. परंतु ते उतरवल्यानंतर त्याच्या एकेका भागाचे काय झाले, याकडे मी अधिक लक्ष दिले आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली घरांत आणि शाळांत जे केले जाते, त्यातले पुष्कळसे थोड्याच दिवसांत पुन्हा कचऱ्यात जाते आणि जाताना मूळ वस्तूपेक्षा अधिक निरुपयोगी होऊन जाते. भंगारवाला वजनावर घेईल असा स्वच्छ पुठ्ठा ऑइल पेंट, चमकी आणि प्लॅस्टिकच्या टिकल्या लावून आपण कोणीच घेणार नाही असा करून ठेवतो. या कुटुंबाने हे टाळायचे असे आधीच ठरवले होते. बहुतेक ठिकाणी ते साधले, एका ठिकाणी साधले नाही.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली आणि सजावटीचा थर्मोकोलही तीत आला. त्या वर्षीच्या उत्सवापुरती सवलत मागणाऱ्या थर्मोकोल व्यावसायिकांना मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. पुढे 1 जुलै 2022 पासून केंद्राने एकल वापराच्या ज्या प्लॅस्टिक वस्तू बंद केल्या, त्यांतही सजावटीच्या थर्मोकोलचा समावेश होता. पुठ्ठ्याच्या मखराची कल्पना मात्र या बंदीपेक्षा जुनी आहे. मुंबईत नानासाहेब शेंडकर यांनी ‘उत्सवी’ या नावाने पुठ्ठ्याची घडीची मखरे बंदीच्या कितीतरी आधी लोकांपुढे आणली होती. कोकण-गोव्याकडे गणपतीच्या डोक्यावर बांधली जाणारी माटोळी तर पूर्वापार रानातल्या फळाफुलांचीच असते.

या घरात 2023 मध्ये बाजारातून आणलेले मखर फोमच्या शीटचे होते. त्याचे भाग गरम गोंदाने चिकटवलेले असल्यामुळे ते सुटे करता येईना, घडी होईना आणि भंगारातही कोणी घेईना. ते माळ्यावर धूळ खात पडून राहिले आणि त्या अनुभवातूनच पुढच्या वर्षी घरीच काहीतरी करावे असे ठरले.

काय वापरायचे आणि काय नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीपासूनच खोकी बाजूला ठेवली जाऊ लागली. नव्या वॉशिंग मशिनचे मोठे, पाच थरांचे खोके होते. पुस्तकांची, किराण्याची आणि कुरिअरने आलेल्या सामानाची तीन थरांची लहानमोठी खोकी होती. या ढिगातून निवड दोन वेळा झाली, आणि या दोन्ही निवडी मला पुढच्या सर्व कारागिरीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

पहिली निवड आजींची. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : “चपलांचा खोका आणि अंड्यांचे ट्रे देवाच्या मखराला लावायचे नाहीत, मग वरून सोनं लावा नाहीतर चांदी.” हस्तकला शिकवणारे अनेक जण असा आक्षेप हसण्यावारी नेतात. मला ते योग्य वाटत नाही. ज्या मखरापुढे घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीचे हात मनापासून जोडले जाणार नाहीत, ते कितीही पर्यावरणस्नेही असले तरी त्या घरापुरते फसलेलेच म्हणावे लागेल. त्यामुळे चपलांची खोकी जुन्या लग्नपत्रिकांचा कागद लावून कपाटातल्या खणांमध्ये गेली, अंड्यांच्या ट्रेमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपे वाढवायला ठेवली गेली, आणि मखरासाठी पुस्तकांची, यंत्राची व धान्याचीच खोकी राहिली.

दुसरी निवड कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारून झाली. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993 पासून काम करते आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी झालेल्या कराराप्रमाणे दारोदार कचरा गोळा करते. सुक्या कचऱ्यातून निघालेला विकाऊ माल हा या कष्टकऱ्यांच्या उत्पन्नाचा एक भाग असतो, हे आपण सजावटीच्या भरात विसरतो. ताईंनी सांगितलेली विभागणी साधी होती : कोरडा पुठ्ठा विकला जातो, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या विकल्या जातात, पाण्याच्या बाटल्या विकल्या जातात, आतून चंदेरी असलेले कार्टन आणि बिस्किट-वेफरची वेष्टने मात्र त्यांच्याकडून कोणी विकत घेत नाही.

यावरून घरातल्या आईने जो नियम काढला, तो या प्रकरणाचा गाभा आहे. ज्या वस्तूला भंगारात किंमत आहे तिला हात लावायचा नाही, किंवा लावलाच तर ती उसनी घेतल्यासारखी वापरून विकण्याजोग्या स्थितीत परत करायची; आणि ज्या वस्तूला कोणी विचारत नाही तिच्यापासून मात्र वर्षानुवर्षे टिकेल असे काही करायचे. बाटल्यांची फुले आणि दुधाच्या पिशव्यांच्या झालरी कशा कराव्यात हे दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, तरीही या दोन्ही गोष्टी या घराने वगळल्या. (दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा करू नये, तो पिशवीलाच लटकता ठेवावा, हेही ताईंनीच सांगितले, तो एवढासा तुकडा एकदा सुटला की कोणाच्याच हाती लागत नाही.)

पुठ्ठ्याचे काम

खोके हाती आले की आधी त्याच्यावरची चिकटपट्टी, पत्त्याचे लेबल आणि लोखंडी पिना काढायच्या, हा क्रम पाळला गेला. लेबलावर नाव, पत्ता आणि फोन क्रमांक असतो, म्हणून ते फाडून नष्ट केले. न निघणाऱ्या लेबलावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडली की गोंद सैल होतो. पिना राहिल्या तर पावसाळी हवेत गंजतात आणि पुठ्ठ्यावर तांबूस डाग उमटतात, शिवाय मुलांच्या हातांना लागतात.

पन्हळी पुठ्ठ्याची रचना समजल्याशिवाय त्याचे काही उभे राहत नाही. दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटांसारखा वळवलेला कागद असतो आणि हे तिन्ही स्टार्चच्या गोंदाने जोडलेले असतात. पाच थरांच्या पुठ्ठ्यात अशा लाटांच्या दोन ओळी असतात. पन्हळी उभ्या असतील तर पुठ्ठा वरून येणारा भार चांगला झेलतो, आडव्या असतील तर तो वाकतो. पन्हळींना समांतर घडी सहज पडते, त्यांना आडवी घडी घालायची तर चमच्याच्या दांड्याने आधी खोल रेघ ओढून घ्यावी लागते.

मखराचे खांब आणि बाजूच्या जाळ्या खाचा पाडून एकमेकांत बसवल्या. खाचेची खोली पट्टीच्या निम्म्या उंचीइतकी आणि रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी ठेवली, की दोन पट्ट्या गोंदाशिवाय घट्ट बसतात. सुमारे साडेसहा मिलिमीटर जाडीच्या पाच थरी पुठ्ठ्याला सहा मिलिमीटरची खाच पुरली. कापण्यासाठी जुनी प्लायची फळी, पोलादी पट्टी आणि नवे पाते वापरले. बोथट पाते पन्हळ चेपत जाते आणि कड फाटल्यासारखी दिसते. पाते वापरण्याचे काम वडिलांनीच केले, आठवीतल्या मुलीकडे आखणी आणि रंगकाम होते.

कमानीसाठी केलेली युक्ती मला फार आवडली. तीन थरी पुठ्ठ्याच्या एका बाजूला ओले फडके फिरवून तो थोडा वेळ तसाच ठेवला की स्टार्चचा गोंद सुटतो आणि तेवढा एक कागद सालीसारखा सोलून काढता येतो. उरलेल्या दोन थरांची पट्टी मग हवी तशी वळते, आणि उघड्या पडलेल्या पन्हळी स्वतःच नक्षीचे काम करतात. कमानीच्या आतल्या बाजूला या रेघा उजेडात इतक्या रेखीव दिसत होत्या की त्यांच्यावर काही रंगवायची गरजच पडली नाही.

रंगासाठी गेरू आणि खडूची पूड घेतली. नुसता गेरू वाळल्यावर हाताला लागतो, म्हणून रात्रभर भिजवलेल्या डिंकाच्या पाण्यात तो कालवला. जिथे कागद चिकटवायचा होता तिथे मैद्याची खळ वापरली. बुकबाइंडर पूर्वी खळीत मोरचूद घालत, त्यामुळे किडे लागत नसत; पण मोरचूद विषारी असल्याने मुलांचा हात लागणाऱ्या कामात ते टाळले आणि खळ लागेल तेवढीच, ताजी शिजवली, कारण पावसाळ्यात ती लवकर आंबते. गेरू, डिंक आणि खळ या तिन्ही गोष्टींचा एक मोठा फायदा असा की कागद गिरणीत पाण्यात भिजवून त्याचा लगदा होताना त्या अडचण करत नाहीत. ऑइल पेंट आणि प्लॅस्टिकची फिल्म यांच्याबद्दल असे म्हणता येत नाही.

एकाच बाजूला ओला रंग दिल्यावर पुठ्ठा पन्हाळीसारखा वळू लागला. पाठीमागच्या बाजूलाही डिंकाचे साधे पाणी फिरवून तुकडे सपाट ठेवले आणि वर पुस्तकांचे वजन दिले, तेव्हा ते सरळ झाले. मूर्ती पुठ्ठ्यावर ठेवायची नाही हे सुरुवातीलाच ठरले होते. शाडूची मूर्ती वजनदार असते आणि ती नेहमीच्या लाकडी पाटावरच बसली, मखर केवळ तिच्या भोवती उभे राहिले.

चंदेरी कार्टन आणि वेष्टने

दूध आणि रसाच्या कार्टनमध्ये साधारण तीन चतुर्थांश भाग कागदी पुठ्ठ्याचा, उरलेला पॉलिथिलीनचा आणि अल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्याचा असतो. हे थर एकमेकांपासून वेगळे करणारी यंत्रणा सगळीकडे नसल्यामुळे भंगारात त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. घरच्या कामात मात्र हाच माल उपयोगी ठरला, कारण तो ओलाव्याने मऊ पडत नाही आणि आतली बाजू चांदीसारखी चमकते. कार्टन वरून-खालून कापून, उलगडून, साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले. कोपऱ्यात दुधाचा अंश राहिला तर दोन दिवसांत वास येतो आणि मुंग्या लागतात.

त्यांच्या कमळाच्या पाकळ्या कापल्या. संपलेल्या बॉलपेनने मधोमध शीर ओढली की पाकळीला उभार येतो. चंदेरी बाजूवरही पॉलिथिलीनचा पातळ थर असल्यामुळे फेव्हिकॉल तिथे धरत नाही. म्हणून दाभणाने भोके पाडून पाकळ्या जाड दोऱ्याने एका गोल चकतीवर शिवल्या. मूर्तीच्या मागे लावलेल्या या प्रभावळीवर एलईडीच्या माळेचा उजेड पडला की तो परतून मूर्तीच्या खांद्यांवर येत असे. वेगळा फोकस लावावा लागला नाही.

बिस्किटांची वेष्टने धुऊन, अरुंद घड्या घालून, एकमेकांत अडकवून दाराचे तोरण केले. तेही गोंदाशिवाय. ते मखरापाशी लावले नाही, कारण असे वेष्टन आचेजवळ आकसते आणि वितळते.

अग्नीचा विचार इथे स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे. पुठ्ठा वाळला की चटकन पेट घेतो. समई मखराच्या आत न ठेवता पुढे, बाजूला, अंतर राखून ठेवली. आरतीचे तबक जिथून फिरते त्या उंचीवर एकही लोंबती झालर ठेवली नाही. आणि विजेच्या माळेचा अडॅप्टर मखराच्या बाहेर, फरशीवर राहील अशी वायर ओढली. रात्री झोपताना माळ बंद केली जात असे.

झुकलेली पाठ

स्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी मखराची पाठ पुढे झुकू लागली. खिडकी उघडी होती, पाऊस लागून राहिला होता, म्हणून दोष दमट हवेवर गेला. प्रत्यक्षात हवेने फक्त निमित्त पुरवले होते. पाठीसाठी वॉशिंग मशिनच्या खोक्याच्या दोन बाजू सलग कापल्या होत्या आणि उंची मिळावी म्हणून तो तुकडा आडवा फिरवून उभा केला होता. त्यामुळे पन्हळी आडव्या झाल्या, आणि खोक्याची मूळ घडी नेमकी पाठीच्या मध्यावर आली. दमट हवेत कागदाचा ताठरपणा कमी होताच पाठ त्या घडीशीच वाकली.

गणपती बसलेला असताना मखर हलवणे आजींना मान्य नव्हते, त्यामुळे दुरुस्ती मागून, जागच्या जागी झाली. पाच थरी पुठ्ठ्याच्या दोन लांब पट्ट्या, पन्हळी उभ्या राहतील अशा कापून, मधोमध काटकोनात दुमडल्या. त्या पाठीच्या मागे उभ्या लावून दाभणाच्या भोकांतून सुतळीने बांधल्या. पाठ ताठ झाली आणि गौरी-विसर्जनापर्यंत तशीच राहिली. गोंदाने जोडलेले काम असते तर ही दुरुस्ती इतकी सहज झाली नसती.

उतरवताना

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दोरे कापून आणि खाचा सोडवून सर्व भाग वेगळे झाले. खांब, आधाराच्या पट्ट्या, जाळ्या आणि कमान सपाट करून जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे, जमिनीपासून उंचावर ठेवली. उरलेला पुठ्ठा, वाकलेल्या पाठीसह, ताईंना दिला. गेरूचा रंग पाहून त्यांनी नख लावून पाहिले आणि ठेवून घेतला. एक पाटी मात्र त्यांनी परत केली : “हा घेते, ताई. चमकी लावलेला नको, तो दुकानात बाजूला काढतात.” ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहिलेली ती पाटी मुलीने शाळेतून आणलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगांनी आणि चमकीने सजवली होती. चमकी म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिक फिल्मचे बारीक कण. ते पुठ्ठ्यापासून सुटे करता येत नाहीत आणि लगद्यात गेले तर तो माल बिघडवतात. पाटी सुंदर होती यात शंका नाही, आणि मुलीने ती मन लावून केली होती. ती भिंतीवर लागली व 2025 मध्ये पुन्हा मखरावर बसली. उसनी घेतलेली ही एकच वस्तू परत करता आली नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये चादर उघडली तेव्हा खांब, पट्ट्या आणि जाळ्या धड होत्या, त्यांना फक्त गेरूचा नवा हात द्यावा लागला. कमान मात्र झुरळांनी आणि कसरीने कुरतडली होती. सोललेल्या बाजूला स्टार्चचा गोंद उघडा राहिला होता, तेच त्यांचे खाद्य. घडीत ठेवलेल्या वाळक्या कडुनिंबाच्या पाल्याचा त्यापुढे फारसा उपयोग झालेला दिसला नाही. ती कमान रद्दीत गेली आणि एका संध्याकाळी नवी झाली. यापुढे कमान दर वर्षी नवीन करायची आणि साठवायचीच नाही, असे ठरले. नवी पाठ दोन अरुंद तुकड्यांची, उभ्या पन्हळींची आणि मध्ये घडी नसलेली केली.

पाकळ्यांची प्रभावळ जशीच्या तशी निघाली, फक्त एके ठिकाणी दोरा सैल झाला होता. दिवाळीत तीच चकती गॅलरीतल्या आकाशकंदिलाच्या मागे लावली गेली. वेष्टनांच्या तोरणाबाबत निकाल वेगळा लागला. वर्षभर दारावर ऊन लागून त्याचे रंग उडाले होते आणि घड्यांच्या कडांवरून छपाईचे पापुद्रे सुटू लागले होते. असे कण घरात आणि जिन्यात पडण्यापेक्षा ते उतरवलेले बरे, म्हणून ते सुक्या कचऱ्यात गेले. म्हणजे ही वेष्टने जिथे 2024 मध्ये गेली असती तिथेच वर्षभराने पोहोचली. त्यांच्यावर खर्ची पडलेला वेळ पाहता हा उद्योग पुन्हा करू नये असे आईचे मत झाले आणि मलाही ते पटले. दारावर पुन्हा आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे तोरण लागले.